स्वस्तातले नॉयर आणि जुनी कार्टून: दोन्ही एकाच तिकिटावर कशी आली आणि आज फुकट का मिळतात?

१ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेत दोन जुन्या गोष्टी एकाच दिवशी कॉपीराइटमधून मोकळ्या झाल्या. एक म्हणजे डॅशिअल हॅमेट यांची १९३० सालची 'द माल्टीज फाल्कन' ही गुप्तहेर कादंबरी. दुसरी, त्याच वर्षी 'डिझी डिशेस' या कार्टूनमधून पहिल्यांदा पडद्यावर आलेली बेटी बूप. दोन्ही नावं एकाच यादीत आली आणि जुन्या सिनेमाचे चाहते आपल्या आवडत्या वादाकडे वळले. कमी पैशांत काढलेले ते काळोखे गुन्हेपट खरंच थोर आहेत, की आपण गरिबीलाच शैली म्हणतोय? आणि लहानपणी बघितलेली कार्टून इतकी झकास होती, तर तशी काढणं बंद का झालं?

हे दोन वेगळे वाद वाटतात. मला ते एकच वाटतात, कारण स्वस्तातला नॉयर आणि कार्टून या दोन्ही गोष्टी एकाच धंद्याच्या पोटी जन्मल्या, एकाच निकालाने अडचणीत आल्या आणि कायद्यातल्या एकाच तरतुदीमुळे त्यातल्या बऱ्याच आपल्यापर्यंत फुकट पोहोचल्या. तो धंदा कसा चालायचा हे कळलं की वादातला निम्मा धुरळा खाली बसतो.

आधी दोन शब्द

'फिल्म नॉयर' म्हणजे शब्दशः 'काळा सिनेमा'. दुसरं महायुद्ध संपल्यावर अडकून पडलेले हॉलीवूडचे सिनेमे एकदम फ्रान्समध्ये आले, तेव्हा १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने हे नाव वापरलं. खून, फसवणूक, मोहात पडलेला सामान्य माणूस, रात्रीचं शहर, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्या, असा एकंदर मामला. गंमत म्हणजे ते सिनेमे काढणाऱ्यांना आपण 'नॉयर' काढतोय हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो साधा गुन्हेपट होता.

दुसरा शब्द 'बी-पिक्चर'. आज आपण तो भिकार सिनेमासाठी वापरतो, पण मूळ अर्थ दर्जाशी नव्हता, क्रमांकाशी होता.

एका तिकिटात काय काय मिळायचं

१९३० च्या दशकात महामंदी आली आणि अमेरिकेतली थिएटरं ओस पडू लागली. प्रेक्षक परत यावा म्हणून एकाच तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत रूढ झाली. आधी बातमीपट, मग सहा-सात मिनिटांचं कार्टून, एक छोटा सिनेमा आणि मोठ्या नटनट्यांचा मुख्य सिनेमा. त्यातला छोटा, तासा-सव्वा तासाचा सिनेमा म्हणजे बी-पिक्चर.

आता खरी मेख बघा. मुख्य सिनेमासाठी थिएटरवाला गल्ल्यातली टक्केवारी द्यायचा. म्हणजे सिनेमा चालला तर स्टुडिओला जास्त पैसे. बी-पिक्चरचं भाडं मात्र ठरलेलं असायचं. कार्टूनचंही तसंच. सिनेमा कितीही गाजला तरी वरचा आकडा हलत नसे. ज्या मालाची कमाई आधीच ठरलेली आहे, त्यात नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खर्च कमी करणं. किती दिवसांत उरकलं, किती सेट लागले, किती दिवे जाळले, सगळा हिशोब तिथून सुरू व्हायचा.

असला माल दरवर्षी खपायचा कसा? पॅरामाउंट, एमजीएम, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या स्टुडिओंची स्वतःची थिएटरं होती. बाहेरच्या थिएटरवाल्यांना ते 'ब्लॉक बुकिंग' करायला लावायचे, म्हणजे एकगठ्ठा खरेदी. आपल्याकडे काही मंगल कार्यालयांत हॉल हवा असेल तर केटरर आणि डेकोरेशनवालाही त्यांचाच घ्यावा लागतो, तसंच हे. गाजलेल्या नटाचा सिनेमा हवा ना, मग त्याच्यासोबत हे छोटे सिनेमे आणि वर्षभराची कार्टूनही घ्या.

ही सक्तीच होती, यात शंका नाही. पण तिचा एक विचित्र फायदा झाला. माल विकला जाणार हे आधीच पक्कं असल्याने वरच्या साहेबांचं लक्ष मुख्य सिनेमावर असायचं. बी-पिक्चरवाला आणि कार्टूनवाला वेळेत आणि पैशात बसला की त्याने आत काय केलं हे फारसं कुणी बघत नसे. वॉर्नरच्या आवारात टेक्स ॲव्हरी, चक जोन्स ही कार्टून काढणारी मंडळी ज्या मोडकळीला आलेल्या बंगलीत काम करायची तिला त्यांनीच 'टर्माइट टेरेस', म्हणजे वाळवीची गच्ची, असं नाव दिलं होतं. बग्ज बनीचा स्वभाव घडला तो या माणसांच्या हातून.

'पैसे नव्हते म्हणून अंधार केला' हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. ही शैली फक्त गरिबीतून आली असती तर 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) सारख्या, पॅरामाउंटने मोठे कलाकार घेऊन काढलेल्या सिनेमात ती दिसलीच नसती. तिची मुळं इतरत्र आहेत. हॅमेट आणि त्याच्यासारख्यांच्या कोरड्या, रोखठोक कादंबऱ्यांत आहेत. हिटलरमुळे युरोप सोडून हॉलीवूडला आलेल्या दिग्दर्शकांत आणि छायालेखकांत आहेत. शिवाय युद्धाच्या काळात सरकारने नव्या सेटच्या सामानावर दर सिनेमामागे ५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. म्हणजे काटकसर श्रीमंत स्टुडिओंनाही चुकली नाही.

पण श्रीमंत सिनेमात अंधार ही निवड होती आणि स्वस्त सिनेमात तो कामाला जुंपलेला होता. हंगेरीत जन्मलेले छायालेखक जॉन आल्टन यांनी अँथनी मान यांच्या 'टी-मेन' (१९४७) मध्ये काय केलं ते बघा. इतर लोक जिथे दहा दिवे लावत तिथे ते दोन-तीन लावत. खोलीचा तीन चतुर्थांश भाग काळाच ठेवला की तिथे फर्निचर लागत नाही, भिंत रंगवावी लागत नाही आणि दिवे हलवण्यात वेळ जात नाही. वर प्रेक्षकाला वाटतं की त्या काळोखात कुणीतरी उभं आहे.

'गन क्रेझी' (१९५०) मधला बँक दरोडा हा माझ्या मते या काटकसरीचा कळस आहे. जोसेफ लुईस यांनी कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. नायक-नायिका गाडी चालवत गावात येतात, पार्किंग शोधतात, तो आत जातो, ती बाहेर पोलिसाशी गप्पा मारत त्याला अडवते, तो धावत येतो, गाडी सुटते. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. बँक आतून दिसतच नाही, म्हणजे बँकेचा सेट नाही, कारकून नाहीत, घाबरलेले ग्राहक नाहीत. पैसे वाचले आणि आपण, प्रेक्षक, गुन्ह्यात सामील होऊन गाडीत अडकलो.

'डीटूर' जरा जवळून

या वादात एडगर उल्मर यांचा 'डीटूर' (१९४५) येतोच. पीआरसी नावाच्या, हॉलीवूडच्या सगळ्यात गरीब गल्लीतल्या कंपनीने काढलेला, जेमतेम ६८ मिनिटांचा सिनेमा. न्यूयॉर्कचा एक पियानोवादक प्रेयसीला भेटायला लॉस एंजेलिसला लिफ्ट मागत निघतो, वाटेत लिफ्ट देणारा माणूस मरतो, आणि मग त्याला व्हेरा भेटते. ॲन सॅव्हेज यांनी साकारलेली ही व्हेरा एकदा बघितली की विसरता येत नाही.

न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते, म्हणून प्रेमी जोडपं दाट धुक्यातून चालतं. धुक्यात रस्त्याच्या पाटीपलीकडे फारसं काही दिसत नाही, आणि दाखवायलाही काही नव्हतं. धाब्यावर बसलेला नायक जुन्या आठवणीत शिरतो तेव्हा कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ येतो, आजूबाजूचे दिवे मंद होत जातात आणि फक्त डोळ्यांवर उजेडाची पट्टी उरते. कुठलीही महागडी करामत नाही, कुणीतरी दिवे कमी केले एवढंच.

एक जागा आपल्या प्रेक्षकांच्या नजरेतून हमखास सुटते. नायक लिफ्ट मागतो त्या दृश्यात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टीअरिंग उजवीकडे असतं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण अमेरिकेत हे उलटं आहे. प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशाप्रमाणे पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसावा म्हणून निगेटिव्हच उलटं करून छापलं. पुन्हा शूटिंग करायला पैसे नव्हते.

हा सिनेमा सहा दिवसांत काढला असं उल्मर सांगायचे आणि चाहते ते अजून सांगतात. पण शूटिंगच्या पटकथेवर कॅमेऱ्याचे १४ दिवस नोंदलेले आहेत, आणि खर्चही दंतकथेतल्या २० हजारांपेक्षा पुष्कळ जास्त, लाख डॉलरच्या आसपास गेला असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. त्याने सिनेमा लहान होत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत, त्याला जागा मिळाली.

मात्र यावरून 'पैसे कमी असले की कला आपोआप उमलते' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच पीआरसीने ढीगभर सिनेमे काढले आणि त्यातले बहुतेक आज बघवत नाहीत. टंचाईने संधी दिली, पण तिचं सोनं करायला उल्मर लागले.

बाप कार्टूनवाला, मुलगा नॉयरवाला

कार्टून आणि नॉयर यांचं नातं मी ओढूनताणून जोडतोय असं वाटत असेल, तर फ्लायशर घराणं बघा. बेटी बूपचे निर्माते मॅक्स फ्लायशर. खऱ्या माणसाच्या चित्रीकरणावरून एकेक चौकट गिरवायचं 'रोटोस्कोप' हे यंत्र त्यांचंच. त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. पडद्यावरचा पॉपाय त्यांच्या स्टुडिओचा. १९४१ ते १९४३ मध्ये आलेल्या सुपरमॅनच्या १७ कार्टूनपैकी पहिली नऊ त्यांच्या स्टुडिओची. ती बघाच. उंच इमारतींच्या लांब सावल्या, खालून दिसणारे चेहरे, अंधारात चमकणारा एकच दिवा. नॉयरला नाव मिळायच्या पाच वर्षं आधी हे कार्टूनमध्ये चाललं होतं.

आणि मॅक्स यांचे चिरंजीव रिचर्ड फ्लायशर यांनी आरकेओसाठी 'द नॅरो मार्जिन' (१९५२) हा बी-नॉयर काढला. जवळजवळ सगळा सिनेमा आगगाडीत घडतो. डबा हलवण्याचा खर्च टाळण्यासाठी त्यांनी सेट जमिनीला पक्का ठेवला आणि कॅमेराच हलवला. पार्श्वसंगीतही नाही, रुळांचा खडखडाट आणि शिट्टी तेवढी.

मग हे बंद का पडलं?

३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. एकगठ्ठा विक्री बेकायदा ठरली आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं विकावी लागली. निकाल न्याय्य होता. छोट्या थिएटरवाल्याची पिळवणूक थांबली. पण आता त्याला कार्टून घेण्याची सक्ती उरली नाही आणि बी-पिक्चर घेण्याचीही नाही. तेवढ्यात घराघरांत टीव्ही आला.

कार्टूनवर घाव जास्त बसला. साध्या हिशोबाने बघा. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सात मिनिटांना पाच हजारांच्या आसपास चित्रं लागतात, तीही हाताने काढलेली आणि हाताने रंगवलेली. एमजीएमच्या लक्षात आलं की 'टॉम अँड जेरी'ची जुनी कार्टून पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकेच पैसे मिळतात. १९५७ मध्ये त्यांनी कार्टून विभागाला टाळं लावलं. तिथून बाहेर पडलेल्या, 'टॉम अँड जेरी' काढणाऱ्याच विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी टीव्हीसाठी वेगळी रीत बसवली. धड तेच ठेवायचं, तोंड आणि हात हलवायचे, मागचं तेच घर तेच झाड पुन्हा पुन्हा सरकवायचं. त्यांच्या बहुतेक प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असतो. त्यामुळे डोकं धडापासून वेगळं काढता येतं आणि जोड दिसत नाही.

म्हणून 'आताच्या लोकांना कार्टून काढता येत नाही' ही तक्रार मला पटत नाही. हॅना-बार्बेरा दोन्हीकडे तेच होते. बदलला तो हातातला पैसा.

आपल्याकडे दोन्ही एकाच चॅनलवर

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटी लागायचं, जुने हॉलीवूड सिनेमे दाखवणारं. पुण्या-नागपुरातल्या त्या पिढीतल्या कित्येक मुलांना टॉम अँड जेरी संपल्यावर टीव्ही बंद करायला सांगितलं जायचं, आणि कुणी गुपचूप चालू ठेवलाच तर पडद्यावर टोपीवाला काळा-पांढरा माणूस सिगारेट ओढताना दिसायचा. हा योगायोग नव्हता. या दोन्ही चॅनलची कंपनी ज्यांनी उभारली त्या टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएमचा जुना संग्रह घेतला, त्यात कार्टूनही होती आणि सिनेमेही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एका तिकिटात मिळणारा माल पुन्हा एका चॅनलवर आला होता.

यातलं बरंच फुकट का आहे?

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा होता. तो संपायच्या वर्षी अर्ज करून नूतनीकरण केलं तर पुढे चालायचा, नाही केलं तर संपला. 'डीटूर' १९४५ चा, म्हणजे १९७३ पर्यंत अर्ज हवा होता. पण पीआरसी कधीच दुसऱ्या कंपनीत विरघळून गेली होती. अर्ज भरायचा कुणी? 'डी.ओ.ए.' (१९५०) या नॉयरचंही नूतनीकरण राहिलं. सुपरमॅनच्या त्या कार्टूनचंही राहिलं.

मोठ्या कंपन्यांनी अर्ज वेळेत भरले, त्यामुळे त्यांच्या त्या काळातल्या सिनेमांना आज ९५ वर्षांचं संरक्षण आहे. १९२८ चं 'स्टीमबोट विली', म्हणजे पडद्यावर गाजलेला पहिला मिकी माउस, म्हणूनच २०२४ मध्ये मोकळं झालं. १९६४ पासूनच्या कामांचं नूतनीकरण पुढे कायद्याने आपोआप होऊ लागलं, त्यामुळे विसरण्याची ही वाट तिथे बंद झाली.

'म्हणजे माल्टीज फाल्कनचा सिनेमाही घेता येईल?'

नाही. मोकळी झाली ती १९३० ची कादंबरी. १९४१ चा सिनेमा वेगळी निर्मिती आहे आणि त्याची ९५ वर्षं २०३६ अखेर संपतात. बेटी बूपचंही तसंच. १९३० च्या कार्टूनमध्ये तिला कुत्रीसारखे लोंबते कान आहेत आणि मोकळी झाली ती तेवढी बेटी. नंतरच्या कार्टूनमधलं रूप अजून बांधलेलं आहे, आणि ट्रेडमार्क ही तर आणखी वेगळी गोष्ट. ट्रेडमार्क नावाचा आणि ओळखीचा असतो, वापर चालू असेपर्यंत तो संपत नाही.

'फुकट आहे, पण दिसतं किती घाण!'

कारण कायद्याने हक्क मोकळा होतो, चांगली प्रत मिळत नाही. टीव्हीसाठी १६ मिमीच्या, म्हणजे अरुंद फिल्मवरच्या, प्रती काढल्या जायच्या, त्यांच्या प्रती, त्या प्रतींच्या प्रती. दर पायरीला काळा रंग राखाडी होतो, आणि नॉयरमध्ये काळा रंगच गेला तर काय उरलं? कित्येकांनी 'डीटूर' असाच बघून नावं ठेवली आहेत. २०१८ मध्ये बेल्जियमच्या चित्रपट संग्रहालयातल्या प्रतीच्या मदतीने त्याची नीट दुरुस्ती झाली. ती दुरुस्त प्रत बघितल्याशिवाय 'हा गरिबीचा सिनेमा' असं म्हणू नये.

बेटी बूपच्या जुन्या प्रतींत सुरुवातीची अक्षरं वेगळीच, ठिगळासारखी दिसतात. १९५५ मध्ये पॅरामाउंटने ही कार्टून टीव्हीसाठी विकली तेव्हा आपलं नाव-चिन्ह काढण्याची अट घातली होती, म्हणून घेणाऱ्याने नव्या पाट्या जोडल्या.

'मग जुनं होतं तसंच दाखवा, कापाकापी कशाला?'

हा आक्षेप मला पूर्ण समजतो आणि तरी अर्धाच मान्य आहे. वॉर्नरची ११ कार्टून १९६८ मध्ये टीव्हीच्या वाटपातून काढली गेली, कारण कृष्णवर्णीयांचं त्यातलं चित्रण उघड वर्णद्वेषी होतं. ती लहान मुलांपुढे शनिवारी सकाळी लागू नयेत, हे बरोबरच. पण अभ्यासकांना ती विनाकापछाट मिळाली पाहिजेत, नाहीतर त्या काळी सभ्य प्रेक्षक कशावर हसत होते हे आपण विसरू.

आपल्या सिनेमांचं काय?

भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५ पर्यंतचे सिनेमे १ जानेवारी २०२६ ला मोकळे झाले. गाण्यांचं गणित मात्र निराळं. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे सिनेमा मोकळा झाला तरी त्यातली कविता आणि चाल बांधलेली असू शकते. जुना मराठी सिनेमा स्वतःच्या चॅनलवर टाकणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आणि प्रतींचा प्रश्न आपल्याकडे जास्त बिकट आहे. जुनी फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. 'डीटूर'ची बरी प्रत शेवटी परदेशी संग्रहालयात तरी सापडली. आपल्या गावात बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर डबे पडून असतील, तर ते भंगारात घालण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. डबे उघडू नका, उन्हात ठेवू नका आणि जवळ काडी ओढू नका.